वर्षानुवर्षं उभी असलेली मसल कार सुरू करताना: बॅटरी सगळ्यात शेवटी

फ्लॅटबेडवरून गाडी उतरते, आजूबाजूचे दोघं-चौघं जमतात आणि कुणीतरी म्हणतंच, "बॅटरी लावून बघा ना एकदा, काय होतंय ते!" काय होतं ते सांगतो. पंधरा-वीस वर्षं कोरड्या पडलेल्या बेअरिंगवर क्रँक फिरतो, चिकटलेला व्हॉल्व्ह पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकवतो, टाकीतला गंज आणि राळ कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसते. थोडं तेल आणि चार रबरी पार्ट यांत भागलं असतं, तिथे इंजिन खोलायची पाळी येते.

डेट्रॉइट, क्लीव्हलंड, न्यू जर्सी अशा भागांत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काही जण हल्ली शेतावरच्या शेडमधून, कुणा आजोबांच्या गॅरेजमधून साठ-सत्तरच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे आठ सिलिंडरच्या ताकदवान व्ही-८ गाड्या, उचलून आणतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून १९६९ ची शेव्हरोले शेवेल घेतली आहे, ३९६ क्युबिक इंची इंजिनाची. पॉन्टियाक, डॉज-प्लिमथ किंवा फोर्डमध्ये जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी

गाडी महिनाभर कुणाच्या आड येणार नाही अशी जागा आधी ठरवा. घाईचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं: बायकोची गाडी बर्फात उभी असते आणि ही मधोमध पसरलेली असते.

त्या वर्षाचं कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल घ्या, त्याची पुनर्मुद्रणं सहज मिळतात. हत्यारं इंची मापाची लागतील, मेट्रिक सॉकेट जबरदस्तीने बसवलं की बोल्टाचे कोपरे गेले. याशिवाय अर्धा इंची ड्राइव्हचा लांब दांडा, मल्टिमीटर, टेस्ट लाइट, कॉम्प्रेशन गेज, नळीचं मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज, जॅक स्टँडच्या दोन जोड्या, आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं म्हणजे बी वर्गाचं अग्निशामक. ते गॅरेजच्या दाराशी टांगा. गाडीशेजारी ठेवलं तर आग लागल्यावर तुम्हाला आगीकडेच जावं लागेल.

झिपच्या पिशव्या आणि मार्कर भरपूर ठेवा. सुटणारा प्रत्येक पार्ट पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडण्याआधी फोटो. जुना पार्ट निकामी झाला तरी फेकायचा नाही. मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टर्नेटर यांच्यावर नंबर आणि तारखा कोरलेल्या असतात आणि पुढे गाडीची किंमत त्यांच्यावर ठरते.

सावधान: डिकीत सापडणारा मूळ बंपर जॅक फक्त प्रदर्शनात मांडायला ठेवा. त्याच्यावर गाडी उचलून खाली हात घालू नका. शेवेलला पूर्ण चौकट आहे, स्टँड चौकटीखाली लावा, पण आधी पेचकसाने टोचून गंज बघा. कॅमारोला चौकट फक्त पुढे असते, आणि डॉज-प्लिमथला वेगळी चौकटच नसते. तिथे पत्र्याच्या तळाखाली स्टँड लावला तर तो आत घुसतो.

## पायरी १: गाडी उभी का राहिली ते शोधा

विकणाऱ्याला विचारा, पण त्याच्या शब्दावर राहू नका. नंबर प्लेटवरचं शेवटचं स्टिकर बघा, त्यावर साल असतं. ड्रायव्हरचं दार उघडून कडेला ऑइल बदलल्याचं स्टिकर चिकटलेलं आहे का बघा, त्यावर तारीख आणि मैल असतात. "पाच-सहा वर्षं झाली असतील" असं म्हणणाऱ्याच्या प्लेटवर १९९८ चं स्टिकर निघालेलं मी पाहिलंय, आणि तो खोटं बोलत नव्हता.

"ब्रेक गेले म्हणून लावून ठेवली" हे सगळ्यात चांगलं उत्तर. "गरम व्हायची" असं असेल तर हेड गॅस्केट आणि रेडिएटरकडे आधी वळा. "आतून आवाज यायचा" म्हणाला तर ऑइल काढताना खाली स्वच्छ ट्रे ठेवा आणि त्यात धातूचे कण चमकतात का बघा.

गाडी आणताना विकणाऱ्याला "सुरू करून दाखवतो" म्हणू देऊ नका. चाकं अडकली असतील तर चौकटीला साखळी लावून विंचने हळू ओढायची.

## पायरी २: उंदीर, कागद आणि वायरी

बॉनेट उघडलं की एअर क्लीनरचं झाकण काढा. बहुतेक वेळा आत सीटचा कापूस, बियांची टरफलं आणि वाळक्या लेंड्या यांचं घरटं असतं. हीटरच्या खोक्यात आणि सायलेन्सरच्या नळीतही असतं.

सावधान: डियर माउस जातीच्या उंदरांच्या विष्ठेतून हंताव्हायरसची लागण होऊ शकते, आणि ती धुळीबरोबर श्वासातून जाते. त्यामुळे झाडू नाही, व्हॅक्युम नाही. मास्क आणि रबरी हातमोजे घाला, दारं उघडून अर्धा तास वारा खेळू द्या, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून सगळं ओलं करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग कागदी टॉवेलने उचला.

हे करताना मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कागद कचऱ्यात टाकू नका. कारखान्यात गाडीबरोबर फिरलेली बिल्ड शीट, म्हणजे कुठले पार्ट बसवायचे याची यादी, तिथेच किंवा पेट्रोलच्या टाकीवर सापडते. १९६९ च्या शेवेलमध्ये एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६ हा ऑप्शन होता, गाडीच्या व्हीआयएन नंबरवरून, म्हणजे ओळख क्रमांकावरून, तो कळत नाही. उंदराने कुरतडलेला तो पिवळट कागद म्हणजे तुमची गाडी खरी एसएस आहे याचा सगळ्यात भक्कम पुरावा.

आता वायरी. जुनी बॅटरी असेल तर काढून टाका, नवी आणू नका. डॅशबोर्डखाली आणि इंजिनाच्या बाजूला हाताने चाचपत जा, कुरतडलेल्या जागांवर रंगीत टेप गुंडाळून खूण करा. डॉज-प्लिमथवाल्यांनी इथे जास्त वेळ द्यावा: त्यांच्या गाडीत चार्जिंगचा सगळा करंट डॅशमधल्या अॅमीटरमधून आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) जोडणीतून जातो. ती जोडणी उघडा. प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं असेल तर दुरुस्त केल्याशिवाय त्या गाडीला वीज द्यायची नाही.

## पायरी ३: पेट्रोल बाहेर, आणि टाकी विसरा

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास यायला हवा. जुन्या वार्निशचा, आंबट, डोळ्यांत जाणारा वास आला तर टाकीतलं सगळं टाकाऊ आहे. ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून "संपवून टाकू" हा विचार मनातून काढा, गवत कापायच्या यंत्रातही घालू नका. काउंटीच्या घातक कचरा संकलन केंद्रावर ते देता येतं.

टाकी उतरवून साफ करणं किंवा बदलणं नंतर करता येईल. पहिल्या सुरुवातीला तिची गरजच नाही. बोटीच्या इंजिनाला लागणारी लहान प्लास्टिकची टाकी आणा, इथेनॉल चालणारी नवी रबरी नळी घ्या आणि ती थेट इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला जोडा. टाकीकडून येणारी मूळ नळी बूच मारून बंद करा.

पंप नवा घाला. पंपातला पडदा वर्षानुवर्षांनी फाटतो आणि मग पेट्रोल सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. वरून काही दिसत नाही. ऑइल पातळ होतं, बेअरिंग खातं.

कार्ब्युरेटर उघडून साफ करून नव्या किटने बांधावाच लागतो. शेवेलवर बहुधा रॉचेस्टरचा क्वाड्राजेट असतो. त्याचा फोमचा फ्लोट जुना झाला की पेट्रोल पिऊन जड होतो, त्यामुळे पेट्रोल वरून सांडतं. किटमध्ये फ्लोट नसेल तर वेगळा मागवा. खालची बुचंही गळतात, ती इपॉक्सीने बंद करतात. होली कंपनीचा कार्ब्युरेटर असेल तर त्याचा पॉवर व्हॉल्व्ह बदला. जुना असेल तर एका बॅकफायरमध्ये तो फाटतो आणि मग गाडी काळा धूर का सोडते ते शोधण्यात रविवार जातो.

## पायरी ४: इंजिन हाताने फिरवा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, म्हणून थोडं सविस्तर.

आधी ऑइल काढा. ड्रेन प्लग पूर्ण न काढता सैल करा आणि बघा पहिल्यांदा काय येतं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून इंजिनात पाणी असेल तर तेच आधी येईल. चमचाभर पाणी म्हणजे वर्षानुवर्षांचं दव, काळजी नको. कपभर आलं, किंवा हिरवं कूलंट आलं, तर पुढच्या पायऱ्या थांबवा आणि हेड गॅस्केट तपासा.

आता आठही स्पार्क प्लग काढा. भोकांभोवतीचा कचरा आधी हवेने उडवा, नाहीतर तो आत जातो. प्लग ज्या सिलिंडरचे त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. एखाद्याच प्लगवर गंज असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी होतं. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे मार्व्हल मिस्टरी ऑइल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घाला, भोकांवर फडकं टाका आणि आठवडाभर गाडीकडे बघू नका. मध्ये एकदा तेल पुन्हा घालायला हरकत नाही.

आठवड्याने क्रँकच्या पुढच्या बोल्टला सॉकेट लावून पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने हळू ओढा. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढे-मागे ठोकळे. शेव्हरोलेच्या लहान ब्लॉकच्या, म्हणजे लहान आकाराच्या व्ही-८ पैकी, जुन्या २८३ आणि काही ३२७ इंजिनांच्या क्रँकला हा बोल्टच नसतो, तिथे गिअरबॉक्सचं खालचं झाकण काढून फ्लायव्हीलच्या दात्यांवरून फिरवावं लागतं.

हलत नसेल तर दांड्याला पाइप घालून जोर लावू नका. दोन्ही दिशांना अंशभर अंशभर हलवून बघा, पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. महिना लागला तरी चालेल. स्टार्टरने झटका देऊन सोडवायचं म्हणाल तर अडकलेली रिंग सुटते खरी, पण कधी कधी पिस्टनचा तुकडा घेऊन.

सावधान: सोडवता न आल्यामुळे इंजिन मशीन शॉपमध्ये न्यावं लागलं तर त्यांना एक गोष्ट लिहून द्या. शेव्हरोले व्ही-८ च्या ब्लॉकवर पुढे, प्रवाशाच्या (उजव्या) बाजूला हेडखाली एक सपाट पट्टी असते. इंजिनाचा कोड आणि गाडीचा अनुक्रमांक तिथे ठोकलेला असतो. ब्लॉकचा माथा घासला की तो पुसला जातो, आणि मूळ इंजिनाची गाडी मूळ इंजिनाची राहत नाही. तुम्हीही त्या पट्टीवर तारेचा ब्रश मारू नका. फडकं आणि थोडं सॉल्व्हंट पुरतं.

### व्हॉल्व्ह बघत बघत दोन फेरे

क्रँक फिरला म्हणजे काम झालं असं नाही. दोन्ही रॉकर कव्हर (व्हॉल्व्हवरची झाकणं) काढा आणि क्रँकचे पूर्ण दोन फेरे करा, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद होईल. एक जण फिरवेल, दुसरा बघेल. सोळाच्या सोळा परत वर आले पाहिजेत. एखादा खालीच राहिला तर थांबा. त्या रॉकरचा नट सैल करा, व्हॉल्व्हच्या दांडीवर भेदक तेल मारा, लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या हातोडीने हलके टिचवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. अडकलेल्या व्हॉल्व्हसकट स्टार्टर मारला तर पुशरॉड वाकतोच, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागला तर दोन्ही जातात.

### टायमिंग चेन

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून रोटरकडे बघा. क्रँक एका दिशेला थोडा फिरवा, मग उलट फिरवा, आणि रोटर हलायला लागेपर्यंत क्रँक किती अंश फिरला ते पुढच्या पुलीवरच्या खुणेवरून मोजा. दहा अंशांपेक्षा जास्त ढिलाई असेल तर चेन बदला. आवाज कमी व्हावा म्हणून त्या काळी जनरल मोटर्सने पुष्कळ इंजिनांत कॅमच्या (व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या दंडाच्या) चक्राला नायलॉनचे दाते दिले होते. पॉन्टियाकवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. जुना नायलॉन भाजक्या खाकी रंगाचा होतो, नखाने तुटतो, आणि त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. ऑइल पॅन काढलात तर तळाच्या गाळात भुईमुगाच्या पापुद्र्यासारखे ते तुकडे सापडतात. सापडले तर चेन, दोन्ही चक्रं आणि जाळी असं सगळंच काम एकदम करा.

## पायरी ५: स्टार्टरच्या आधी ऑइल प्रेशर

नवा फिल्टर तेलाने भरून लावा, नवं तेल घाला. या इंजिनांचे लिफ्टर (कॅमची हालचाल पुशरॉडला देणारे पार्ट) सपाट तळाचे असतात, कॅमवर घासत चालतात, त्यांना जस्तयुक्त तेल लागतं. आजच्या गाड्यांच्या हलक्या तेलांत जस्ताबरोबर येणारा फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंत मर्यादित असतो, म्हणून जस्तही कमी. जुन्या इंजिनांसाठी म्हणून विकलं जाणारं, जास्त जस्ताचं १०डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० घ्या.

शेव्हरोलेत ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो. त्याचाच फायदा घ्यायचा. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची आणि रोटरची जागा खुणा करून, फोटो काढून मगच तो उचला. त्याच्या जागी प्रायमिंगचं हत्यार बसवून ड्रिल मशीनने पंप फिरवा, वरून बघताना घड्याळाच्या दिशेने. साध्या लांब पेचकसाने शेव्हरोलेत अर्धंच काम होतं: डिस्ट्रिब्युटरची बाही तिथली तेलाची वाट बंद करते, ती नसेल तर प्रवाशाच्या बाजूच्या लिफ्टरांना तेल मिळत नाही. म्हणून बाहीचं हत्यार घ्या.

दिशेची चूक फार होते. पॉन्टियाक आणि फोर्डमध्ये ड्रिल उलटं फिरवायचं. डॉज-प्लिमथच्या मोठ्या ब्लॉकमध्येही उलटं, लहान ब्लॉकमध्ये सुलटं. ब्युइकचा पंप पुढच्या झाकणात असतो आणि बराच काळ उभा राहिला की तेल ओढणंच सोडतो. झाकण उघडून गिअरांमध्ये व्हॅसलिन भरलं की ओढतो.

तपासा: ड्रिल आधी मोकळं फिरेल, मग एकदम जड होईल, गेजचा काटा वर जाईल. मिनिटभर फिरवून क्रँक पाव फेरा पुढे करा, पुन्हा फिरवा. सोळाही रॉकरांवर तेल येईपर्यंत हे चालू ठेवा. एकावर येत नसेल तर तो पुशरॉड काढून आतून साफ करा.

## पायरी ६: पाणी

जुनं कूलंट काढा. रेडिएटरबरोबर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे खालचे प्लगही उघडा, गाळ तिथे साचतो. प्लग काढला आणि काहीच आलं नाही तर तारेने भोक मोकळं करा. रेडिएटरच्या सगळ्या नळ्या, थर्मोस्टॅट आणि पट्टा नवे, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हिरवं कूलंट गोड आणि विषारी असतं, ट्रे उघडा ठेवून जाऊ नका, कुत्री पितात.

## पायरी ७: ब्रेक, इंजिनाच्या आधी

हे बहुतेक जण शेवटी ठेवतात आणि मग पहिल्याच दिवशी गिअरमध्ये घातलेली गाडी गॅरेजच्या भिंतीवर जाऊन थांबते. चालणारं इंजिन असलेल्या गाडीला ब्रेक नसणं धोक्याचं आहे, ही गोष्ट उत्साहात सुचत नाही.

शेवेल १९६६ किंवा आधीची असेल तर मास्टर सिलिंडर एकाच खणाचा असतो. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. १९६७ पासून दोन खणांचा आला. जुन्या गाडीला दुहेरी मास्टर बसवून घ्या, मूळ सिलिंडर पिशवीत ठेवा. मूळपणाचा हट्ट मी एरवी धरतो, इथे नाही.

सगळं रबर बदला: पुढच्या दोन आणि मागची एक नळी, चाकांतले सिलिंडर किंवा कॅलिपरचे सील, मास्टर. जुनी रबरी नळी आतून फुगते, दाब जाऊ देते पण परत येऊ देत नाही, म्हणून ब्रेक लागून राहतो. लोखंडी नळ्या मागच्या अॅक्सलवर आणि चौकटीच्या क्लिपांखाली गंजतात, क्लिप उचलून बघा.

मागचे ड्रम निघत नसतील तर कडेवर हातोडा घालू नका. मागच्या पत्र्यातल्या खाचेतून तारा-चाकी (ब्रेकचे शू आत-बाहेर करणारी दात्यांची चाकी) फिरवून शू आत घ्या. आतली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या शूंमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

सावधान: साठच्या दशकातल्या क्रायस्लर, डॉज, प्लिमथच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवत राहिलात तर स्टड तुटेल. स्टडच्या टोकावर एल अक्षर दिसतं का बघा.

डॉट ३ दर्जाचं ब्रेकचं तेल भरा आणि हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

तपासा: पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. खाली जाता कामा नये. मग खाली वाकून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघा.

## पायरी ८: ठिणगी

पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) साफ करा किंवा नवे घाला, नव्यांची फट ०.०१९ इंच. झाकण, रोटर, वायरी, प्लग नवे. शेव्हरोले, पॉन्टियाक आणि डॉज-प्लिमथच्या व्ही-८ चा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे आणि पहिला सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला पुढे. फोर्डच्या २८९ आणि ३०२ चा १-५-४-२-६-३-७-८, आणि पहिला सिलिंडर प्रवाशाच्या बाजूला. आणखी एक फरक: शेव्हरोलेचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, पॉन्टियाक आणि फोर्डचा उलट. पॉन्टियाकला शेव्हरोलेप्रमाणे वायरी लावून "ठिणगी येते पण सुरू होत नाही" म्हणणारे कमी नाहीत.

डिस्ट्रिब्युटर परत बसवताना पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वर आहे ना हे बघा, पुलीवरची खूण एकटी पुरत नाही. प्लगच्या भोकावर बोट ठेवून क्रँक फिरवा, हवा बोटाला ढकलेल तोच फेरा. नाहीतर टायमिंग पूर्ण १८० अंशांनी चुकतं आणि गाडी कार्ब्युरेटरमधून आग ओकते.

## पायरी ९: आता बॅटरी

नवी बॅटरी आणा. धन टोक जोडा, ऋण टोक आणि त्याची केबल यांच्या मध्ये टेस्ट लाइट धरा. चावी बंद, दारं बंद. दिवा लखलखीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूज एकेक काढून शोधा. क्षणभर पेटून विझला तर बहुधा डॅशमधलं घड्याळ स्वतःला चावी देत असतं.

प्लग अजून बाहेरच ठेवा, कॉइलची वायर काढा आणि दहा सेकंद स्टार्टर मारा. भोकांतून तेल उडेल, समोर उभे राहू नका. गेजवर प्रेशर आलं पाहिजे. याच वेळी कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या निदान पाऊण पट असावा. एखादा कमी आला तर लगेच हेड काढू नका, अडकलेल्या रिंगा चालून चालून मोकळ्या होतात.

सावधान: इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून डॅशबोर्ड बघत बसू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जळतो.

## पायरी १०: पहिली सुरुवात

गाडी उघड्यावर, तोंड मोकळ्या जागेकडे. एक जण चावीवर, दुसरा अग्निशामक घेऊन बाजूला, तिसऱ्याने फोनवर शूटिंग करायला हरकत नाही, पण पंख्यापासून लांब. या पंख्याला आवरण बऱ्याचदा नसतं, लांब बाही आणि ओढणी दूर ठेवा.

कार्ब्युरेटरच्या तोंडात कपाने पेट्रोल ओतण्याची जुनी सवय सोडा. बारीक तोंडाच्या बाटलीने व्हेंटच्या नळीतून फ्लोटच्या खणात पेट्रोल भरा, एअर क्लीनर बसवा, पेडल दोनदा दाबा आणि चावी फिरवा. एका वेळी दहा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. तीन-चारदा नाही झालं तर ठिणगी की पेट्रोल ते तपासा, स्टार्टर भाजू नका.

सुरू झालं की डोळे ऑइल गेजवर. दहा सेकंदांत काटा हलला नाही तर बंद. हलला तर १२०० ते १५०० आरपीएमवर धरा. लिफ्टरांची टकटक काही मिनिटं होईल. निळसर-पांढरा धूर भरपूर येईल, तुम्हीच घातलेलं तेल जळतंय, पंधरा मिनिटांत ओसरतो. सायलेन्सरमधून बिया आणि कापूस उडाला तर घाबरू नका. गोडसर वासाचा पांढरा धूर मात्र थांबत नसेल तर कूलंट जळतंय, बंद करा.

दुसऱ्या माणसाने या वेळात पंप, नळ्या आणि कार्ब्युरेटर यांच्याभोवती पेट्रोल ओलावतंय का हे बघत राहायचं. थर्मोस्टॅट उघडून वरची नळी गरम झाली की टायमिंग लाइटने मॅन्युअलमधल्या आकड्यावर टायमिंग लावा आणि इंजिन बंद करा. गार झाल्यावर कूलंट पुन्हा भरा, आतली हवा निघून पातळी खाली जाते.

## पायरी ११: रस्त्यावर

टायर बघा. कडेवरच्या डॉट क्रमांकाच्या शेवटी तारखेचे चार आकडे असतात, आठवडा आणि साल. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. नक्षी कितीही छान असली तरी त्याच्यावर फक्त गाडी ट्रेलरवर चढवायची.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू असताना तपासा, फोर-स्पीड मन्सी (हाताने बदलायचा गिअरबॉक्स) असेल तर जीएल-४ दर्जाचं गिअर तेल घाला. जीएल-५ त्याच्या पितळी सिंक्रोंना मानवत नाही. मन्सीवाल्यांचा क्लच फ्लायव्हीलला चिकटलेला असू शकतो, तोही आधी बघून ठेवा.

आधी ड्राइव्हवेत ताशी पाच मैलांवर चार-पाच वेळा ब्रेक. मग घराभोवतीचा एक चौक, परत येऊन वाकून बघा. पहिले तीस-चाळीस मैल झाले की ऑइल आणि फिल्टर बदला. काळं आणि गढूळ निघेल, निघू दे.

पहिल्याच उन्हाळ्यात वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, गाडी न्यायची घाई करू नका. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्या रस्त्यावर गाड्या तासन्‌तास मुंगीच्या पावलाने सरकतात, आणि अर्धवट तुंबलेला रेडिएटर सगळ्यांसमोर वाफ सोडतो. आधी घरीच, गरम दिवशी, अर्धा तास आयडलवर उभी करून तापमानाचा काटा कुठे थांबतो ते बघा.

मूळ टाकी साफ करून किंवा नवी घालून जोडलीत की पहिल्या काही शे मैलांत नळ्यांतला गंज फिल्टरमध्ये येतच राहतो. ग्लव्ह बॉक्समध्ये दोन जादा फिल्टर, एक पेचकस आणि फडकं ठेवा.